मजूर जिथे इमारत होतो

स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये तीन जमाती आहेत आणि तिघींची बांधकामाची रीत वेगळी आहे. टेरन म्हणजे माणसं. त्यांचा एससीव्ही, म्हणजे यंत्रात बसलेला कामगार, इमारतीभोवती फिरत, ठिणग्या उडवत शेवटपर्यंत वेल्डिंग करत राहतो. मधेच त्याला मारलं तर इमारत अर्धवट पडून राहते. प्रोटॉसांचा प्रोब जमिनीवर प्रकाशाचं एक दार उघडतो आणि लगेच दुसऱ्या कामाला निघून जातो. इमारत मागाहून आपली आपण अवतरते. झर्गांचा ड्रोन ठरलेल्या जागी जातो, जमिनीला टेकतो आणि त्याचाच कोश होतो. कोश फुगतो, धडधडतो, फुटतो. इमारत उभी राहते. ड्रोन उरत नाही.

पहिला स्टारक्राफ्ट ब्लिझर्डने ३१ मार्च १९९८ रोजी आणला, त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रूड वॉर ही त्याची पुरवणी आणि २०१० च्या जुलैत दुसरा भाग. एवढ्या वर्षांत स्ट्रॅटेजी गेममध्ये परग्रहवासीयांच्या इमारती मी पुष्कळ पाहिल्या. हाडांच्या कमानी, हिरवट चमक, भिंतींवरून ओघळणारा चिकट द्रव. बहुतेक ठिकाणी हे वरवरचं असतं. आतली बरॅक्स ही बरॅक्सच असते: मजूर येतो, बांधतो, मोकळा होतो, पैसे मोजले की दारातून सैनिक बाहेर पडतो. कातडी बदललेली असते, नियम जुनेच. झर्गांची इमारत मला आजही परकी वाटते, आणि त्याचं श्रेय मी तिच्या काट्यांना किंवा शिरांना देणार नाही. तिच्याशी जो हिशोब करावा लागतो तो परका आहे. तो अंगवळणी पडत जातो तसं खेळणाऱ्याचं डोकंही थोडं थोडं झर्गांसारखं चालायला लागतं.

हॅचरी हे झर्गांच्या वस्तीचं मूळ. ब्रूड वॉरमध्ये तिची किंमत पडद्यावर ३०० मिनरल दिसते. मिनरल म्हणजे खाणीतून आणायचं, गेममधलं चलन. पण जो ड्रोन हॅचरी होणार, तो स्वतः ५० मिनरल खर्चून जन्माला आलेला असतो. म्हणजे ३५० झाले. शिवाय ब्रूड वॉरमध्ये तो दर खेपेला ८ मिनरल आणत होता. त्या खेपा आता कायमच्या थांबल्या. त्यांची किंमत कुठेही छापलेली नाही, ती खेळणाऱ्याने मनात धरायची. टेरनच्या बाजूने खेळणारा बरॅक्स बांधतो तेव्हा त्याचा कामगार थोडा वेळ अडकतो आणि मग पुन्हा खाणीकडे वळतो. झर्गांकडे ‘थोडा वेळ’ हा प्रकारच नाही.

म्हणून झर्गांच्या चालींची नावंही डोकी मोजून ठेवलेली आहेत. ‘नाइन पूल’ म्हणजे वस्ती ९ वर असताना एक ड्रोन स्पॉनिंग पूलसाठी, म्हणजे पहिले सैनिक शक्य करणाऱ्या इमारतीसाठी, द्यायचा. ‘ट्वेल्व्ह हॅच’ म्हणजे १२ वर असताना एक दुसऱ्या हॅचरीसाठी. सगळी सुरुवात या एका आकड्यावर उभी असते. लवकर दिला तर पुढे कमावणारे हात कमी, उशिरा दिला तर समोरचा दारात येऊन उभा. स्पॉनिंग पूलची किंमत २००१ च्या १.०८ पॅचमध्ये १५० वरून २०० झाली आणि तेवढ्याने झर्गांच्या सुरुवातीची घडीच बदलली. पण पूलसाठी एक ड्रोन द्यायचा, ही अट तिथेच राहिली. त्या अटीला हात लावला असता तर झर्ग झर्ग राहिले नसते.

कोणता ड्रोन द्यायचा, हे मी अजूनही क्षणभर थांबून पाहते. ज्याच्या तोंडाशी मिनरलचा खडा आहे तो मी घेत नाही. आधी तो खडा हॅचरीत टाकून येऊ देते, मग त्याला पाठवते. यात व्यवहार आहे, कारण हातातला खडा वाया जातो. पण नुसता व्यवहार असता तर मी तो इतक्या हळुवारपणे केला नसता. सगळे ड्रोन एकसारखे आहेत, कुणाला नाव नाही, आणि तरी खाणीवरच्या रांगेतून एकाला उचलताना ती निवड आहे हे जाणवतं.

जीवशास्त्रात याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्राणी म्हणजे बार्नॅकल. समुद्रकाठच्या खडकांवर, जहाजांच्या तळाला, कधी देवमाशांच्या अंगावरही चिकटलेले ते पांढरट, धारदार शंकू. वाढीच्या शेवटच्या टप्प्यातली त्याची अळी काही खात नाही. तिच्यापुढे एकच काम असतं: जागा शोधणं. ती पृष्ठभागावर आपल्या स्पर्शिकांनी चालते, चाचपते, पसंत पडलं नाही तर पुन्हा पोहत निघून जाते. जागा मनास आली की डोक्याच्या बाजूने सिमेंटसारखा द्रव सोडून स्वतःला चिकटवून घेते. मग रूपांतर होतं, भोवती चुन्याच्या पट्ट्या उभ्या राहतात, आणि जो पोहत होता तो प्राणी उरलेलं आयुष्य स्वतःच्याच वाड्यात डोकं खाली, पाय वर करून काढतो. जागा निवडताना ही अळी आपल्या जातीच्या मोठ्या बार्नॅकलांनी मागे ठेवलेल्या प्रथिनांचा माग काढते. जिथे आपले आधी बसले आहेत, तिथे बसायचं.

झर्गांच्या इमारतीही अशाच बसतात. हॅचरी आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गॅस काढणारी इमारत, सोडले तर ड्रोनपासून होणारी त्यांची कुठलीही इमारत क्रीपशिवाय उभी राहत नाही. क्रीप म्हणजे हॅचरीभोवती पसरत जाणारा तो जांभळट, ओलसर, जिवंत थर. पहिल्या गेममध्ये तो पुढे न्यायचा तर क्रीप कॉलनी हवी, म्हणजे आणखी एक ड्रोन. दुसऱ्या भागात क्वीन क्रीपचे ट्यूमर लावते. प्रत्येक ट्यूमर पुढे एकच नवा ट्यूमर देऊ शकतो, मग त्याची ताकद संपते. अशी साखळी धरत हा थर अर्धा मॅप व्यापतो. त्याच्यावर झर्गांची बहुतेक युनिट जोरात धावतात, त्याच्यावरून कोण चाललंय ते त्यांना दिसतं, आणि दुसऱ्या कुठल्याही जमातीला तिथे बांधकाम करता येत नाही. मातीच त्यांची होते. इमारत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथे निकालात निघतो. दुसऱ्या भागात हॅचरी पाडली की तिच्याभोवतीचा क्रीप कडांकडून आटत येतो, आणि खालची मूळची जमीन पुन्हा दिसू लागते तेव्हा ती जमीन मला उघडी पडल्यासारखी वाटते.

पण हॅचरीची खरी खोली तिच्या लार्वांमध्ये, म्हणजे अळ्यांमध्ये आहे.

टेरनकडे प्रत्येक कामाला वेगळी इमारत असते. पायदळ बरॅक्समधून, रणगाडे फॅक्टरीतून, विमानं स्टारपोर्टमधून. कामगार कमांड सेंटरमधून येतात, त्यामुळे कामगार आणि सैनिक एकाच वेळी तयार होत राहतात. अडचण असलीच तर पैशांची. झर्गांकडे सगळ्यांचा जन्म एकाच ठिकाणी. हॅचरी ठरावीक काळाने एक लार्वा देते, तीन साठल्या की थांबते. त्या तिच्या खालच्या कडेशी वळवळत राहतात. त्यांना शस्त्र नाही, पळायला वेग नाही. चिलखत मात्र १०, म्हणजे गेममधल्या थोरामोठ्या युनिटांपेक्षाही जास्त. स्पॉनिंग पूल, हायड्रालिस्क डेन, स्पायर या इमारतींमधून कुणीच बाहेर पडत नाही. त्या फक्त असतात, आणि त्या आहेत म्हणून लार्वांना काय होता येईल याची यादी लांबत जाते. एका अर्थाने त्या साऱ्या वस्तीच्या आठवणीसारख्या आहेत: स्पायर पडला की म्युटालिस्क कसं व्हायचं हे लार्वा विसरतात.

आता निर्णय असा. तीन लार्वा आहेत. त्यांचे ड्रोन केले तर पुढची मिळकत वाढेल. झर्गलिंग हे छोटे सैनिक केले, एका अंड्यातून दोन, तर आत्ताचा जीव वाचेल. दोन्ही एकदम होणार नाही, कारण जी लार्वा ड्रोन झाली ती झर्गलिंग होणार नाही. पैसा असून उपयोग नसतो अशी वेळ झर्गांवर येते ती याचमुळे. म्हणून चांगला झर्ग खेळाडू समोरच्याच्या बेसच्या तोंडाशी एखादा हवेत तरंगणारा ओव्हरलॉर्ड किंवा झर्गलिंग ठेवून वाट पाहतो. शत्रूची फौज निघालेली दिसेपर्यंत ड्रोन, ड्रोन, ड्रोन. निघाली की पुढची प्रत्येक अळी सैनिक. मधलं अंतर कापायला त्या फौजेला जो वेळ लागतो, तेवढ्यात अंडी फुटली पाहिजेत. हा अंदाज एखाददुसऱ्या अळीने जरी चुकला तरी पुढचा सगळा डाव तिरका जातो.

तीनची मर्यादा ही मला या संपूर्ण रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तीन लार्वा नुसत्या पडून राहिल्या तर हॅचरी पुढची देत नाही. गेलेला वेळ परत येत नाही, साठवताही येत नाही. त्यामुळे ती इमारत सतत तुमच्याकडे लक्ष मागत असते. सरावलेले खेळाडू दर काही सेकंदांनी नजर हॅचरीकडे नेतात, लढाई ऐन रंगात असली तरी. बेसमध्ये जागा आहे, जवळ नवी खाण नाही, तरीही केवळ लार्वांसाठी तिथेच आणखी एक हॅचरी उभारतात. ‘मॅक्रो हॅच’ म्हणतात तिला. दुसऱ्या भागात क्वीन हॅचरीत अंडी टोचते आणि काही वेळाने जादा लार्वा एकदम बाहेर पडतात. तेव्हा १९ पर्यंत साठू शकतात. तिथे लक्ष मागणारी हॅचरी आणि तिच्याकडे परत परत येणारी क्वीन अशी जोडी होते. वस्ती वाढवणं हे बटण दाबण्याचं काम न राहता निगराणीचं काम होतं. मला युद्धापेक्षा त्यातच जास्त गोडी वाटत आली आहे.

पूर्ण व्हायच्या आधी बांधकाम रद्द करता येतं. हा नियम तिन्ही जमातींना आहे, किंमतीचा तीन चतुर्थांश भाग परत मिळतो. झर्गांच्या बाबतीत मात्र कोश फुटतो आणि ड्रोन बाहेर येतो. म्हणजे कोश धडधडत होता तोपर्यंत तो आत होता. रद्द करायची मुभा शेवटच्या क्षणापर्यंत असते, आणि तो क्षण उलटला की मुळीच नसते. या फटीचा खेळाडूंनी फायदाही काढला. ब्रूड वॉरच्या सुरुवातीला वस्ती ९ वर अडलेली असते, वाढायला ओव्हरलॉर्ड हवा. तेव्हा एका ड्रोनला एक्स्ट्रॅक्टर करायला घालायचं. तो इमारत होऊ लागला, म्हणजे वस्तीच्या आकड्यातून वजा झाला. रिकाम्या जागी लार्वापासून नवा ड्रोन सुरू करायचा. मग एक्स्ट्रॅक्टर रद्द. पहिला ड्रोन परत येतो, आणि ९ च्या मर्यादेत १० जण नांदतात. थोडे मिनरल बुडतात, एक जीव जास्तीचा मिळतो. तंत्र म्हणून हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली दुसरी बाजू अधिक लागते: गेमच्या लेखी, कोशात शिरलेला ड्रोन त्या घडीपासून जिवंतांच्या मोजणीत नसतो.

दिसण्याबद्दल थोडकं सांगते. पहिला गेम ६४० बाय ४८० च्या पडद्यावर २५६ रंगांत काढलेला होता. तपकिरी, जांभळा, मधूनच ओल्या मांसाचा लाल. त्या मर्यादेत हॅचरीचे वाकडे काटे आणि मधली फुगणारी पिशवी एवढंच धड दिसायचं, बाकी क्रीपमध्ये मिसळून जायचं. २०१७ च्या रीमास्टर्डमध्ये तेच सगळं स्वच्छ, शीरन्‌शीर वेगळी दिसेल असं पुन्हा काढलं आहे. काम फार मेहनतीचं आहे. तरी मला जुनं धूसर रूप अधिक खरं वाटतं, कारण तिथे इमारतीची कड सापडत नसे. लेअर आणि हाइव्ह हे हॅचरीचे पुढचे टप्पे. त्यांची उभारणी नव्याने होत नाही, आहे तीच हॅचरी जागच्या जागी वयात येते, आणि ते चालू असताना लार्वा देणंही सोडत नाही.

इमारतीला जखम झाली की तिन्ही जमातींतला फरक पुन्हा समोर येतो. टेरन इमारत एका हद्दीपलीकडे मोडली की पेट घेते. एससीव्हीने दुरुस्त केली नाही तर शत्रू निघून गेल्यावरही जळत जळत कोसळते. प्रोटॉसांची ढाल पुन्हा भरते, पण ढालीखालचं गेलेलं ते गेलंच. झर्गांची इमारत हळूहळू स्वतःच भरून येते. तिला दुरुस्त करणारं कुणी नाही, तशी गरजही नाही. तिला फक्त वेळ हवा. म्हणून ती अर्धमेली सोडून जाणं हा शत्रूचा मूर्खपणा ठरतो. आणि ती पडते तेव्हा स्फोट होत नाही, रक्त उडतं.

याच जखमांच्या नियमातून ब्रूड वॉरमधली माझी सगळ्यात आवडती इमारत जन्माला येते. टेरन कमांड सेंटर अर्ध्याहून अधिक मोडलेलं असलं तर झर्गांची क्वीन त्यात शिरू शकते. बाहेर येईपर्यंत ते इन्फेस्टेड कमांड सेंटर झालेलं असतं: पोलादी पत्र्यांच्या फटींतून मांस वर आलेलं, आणि आतून इन्फेस्टेड टेरन बाहेर पडायला लागलेले. टेरनच्या मोठ्या इमारतींना उडता येतं, आणि हे बाधित कमांड सेंटरसुद्धा उडतं. झर्गांच्या ताब्यातली, जमिनीवरून उठून जाऊ शकणारी त्या गेममधली ही एकुलती इमारत. डावात ती फारशी दिसत नाही, कारण तिच्या खटपटीला हाशील कमी. पण मांस आणि पोलाद एका भिंतीत कसे राहतील, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

देहांची इमारत ही कल्पना पृथ्वीला नवीन नाही. बार्नॅकल आपला वाडा स्वतःच होतो, तर एसिटॉन जातीच्या लष्करी मुंग्या त्याच्याही पुढे जातात. त्यांना वारूळ नसतं. लाखो कामकरी मुंग्या पायांत पाय अडकवून एकमेकींना लटकतात आणि त्यांच्याच अंगांचा एक पोकळ गोळा तयार होतो. भिंती त्यांच्या, छत त्यांचं, आतली दालनंही त्यांचीच. मधोमध राणी आणि पिल्लं. बाहेर गारठा वाढला तरी आतली ऊब बरीचशी स्थिर राहते, कारण मुंग्या गरजेप्रमाणे दाटतात किंवा सैलावतात. पण मुक्काम हलवायची वेळ आली की भिंत सुटते आणि प्रत्येक वीट पायांवर चालू लागते. मुंगीला भिंतीतून परत येता येतं. ड्रोनला येत नाही. दुसऱ्या भागातल्या स्पाइन क्रॉलर आणि स्पोर क्रॉलर या संरक्षक इमारती तेवढ्या जमिनीतून मुळं उपटून क्रीपवर सरपटत दुसरीकडे जाऊन रुजू शकतात. त्या तशा चालताना दिसल्या की आत कुठेतरी ड्रोनला पाय आठवत असावेत असं मला वाटतं, आणि ते वाटणं मी कधी पुसून टाकलेलं नाही.

ब्रूड वॉरचे कसलेले झर्ग खेळाडू इमारतींची तटबंदीही करतात. इव्होल्यूशन चेंबर ७५ मिनरलला मिळतो आणि ७५० मार सोसतो. प्रोटॉसांचे झीलट, म्हणजे पायदळ, थेट ड्रोनांपर्यंत पोचू नयेत म्हणून तो हॅचरीच्या शेजारी असा बसवतात की मधे जेमतेम एक बोळ उरावा, आणि त्या बोळावर संकन कॉलनी या संरक्षक इमारतीचा पहारा. शस्त्रांचे अपग्रेड करणारा, आपल्या परीने विचार करणारा तो जीव अशा वेळी केवळ त्याच्या रुंदीसाठी निवडलेला असतो.

दुसऱ्या भागात डाव लांबला की वस्तीचा आकडा २०० वर येऊन अडतो. त्यापुढे कुणालाही जन्म देता येत नाही. त्या २०० मध्ये साठ-सत्तर ड्रोन असतात, आणि लढाईत ते काही कामाचे नसतात. तिजोरी भरलेली, फौजेला मात्र जागा नाही. तेव्हा झर्ग खेळाडू काय करतात, तर ड्रोनांचा एक घोळका उचलून सीमेवर नेतात आणि सगळ्यांना एकदम स्पाइन क्रॉलर किंवा स्पोर क्रॉलर व्हायला सांगतात. इमारती वस्तीत मोजल्या जात नाहीत. एका हुकमात वीस जागा रिकाम्या होतात, त्यात नवी फौज मावते, वर सीमेवर काट्यांची रांग उभी राहते. टेरनला आपले कामगार कमी करायचे तर त्यांना मरायला पाठवावं लागतं, प्रोटॉसांचंही तेच. झर्गांकडे तीच माणसं भिंत होऊन कामावर राहतात, फक्त यादीतून त्यांची नावं निघतात. ही चाल मी दर वेळी खेळते, कारण ती बरोबर आहे आणि तिच्यामुळे डाव जिंकला जातो. आणि दर वेळी तो घोळका निवडताना, खडा घेऊन परतणाऱ्यांना मी आधी हॅचरीपर्यंत जाऊ देते. तिजोरी भरलेली असते, त्या मूठभर मिनरलांनी आता काहीही फरक पडणार नसतो, तरीही.